गाडीची उजवी बाजू

१

हे मी सांगायचं नव्हतं. बाबांनी माझ्याकडून तसं कबूल करून घेतलं होतं. मी मुळात इतकं कमी बोलते की माझ्याकडून एखादी गोष्ट बाहेर जाईल अशी भीती कुणाला वाटतच नाही. पण बाबा तेव्हा असंही म्हणाले होते की सांगितलं की ते थांबतं. ते थांबायला हवं, सोमवारच्या आत. म्हणून वहीत लिहून ठेवते आहे. लिहिणं हे सांगण्यात धरतात की नाही, ते मला माहीत नाही.

आधी गाडीबद्दल सांगते. तुम्ही ती रस्त्यावर बघितली असेल. उंच आणि रुंद आहे, पुढे दोन मोठ्या नाकपुड्या आहेत, आणि मागची बाजू अशी की एखादं जनावर दबा धरून बसलंय असं वाटावं. वजन अडीच टन, आणि तरी जागेवरून शंभरचा वेग गाठायला चार सेकंदसुद्धा लागत नाहीत. वेग वाढला की ती स्वतःहून थोडी खाली बसते. वळणावर लहान गाडीसारखी वळते म्हणे. वर्गातल्या मुलांना तिची सगळी माहिती पाठ आहे.

मी ओळखते ती गाडी मात्र कधी एक इंचही हलली नाही. ती मातीची होती.

लोकांना वाटतं की गाड्या कॉम्प्युटरवर तयार होतात. तिथे सुरुवात होते, पण शेवटचा आकार हाताने ठरतो. लोखंडी सांगाड्यावर फोम, फोमवर भट्टीत तापवून मऊ केलेली तपकिरी माती, आणि मग महिनोन्‌महिने पोलादी पात्यांनी तासणं. माती गार झाली की कडक होते, आणि कडक झाली की खरवडता येते. खऱ्या मापाची आख्खी गाडी अशी उभी राहते. ते काम माझे बाबा करतात. बाबा आणि काका करायचे.

२

काका म्हणजे सख्खे नव्हेत. बाबांचे जोडीदार. दोघं एकमेकांना ‘पार्टनर’ म्हणायचे आणि बाकीचा स्टुडिओ त्यांना ‘डावे-उजवे’ म्हणायचा, कारण प्रत्येक गाडीची डावी बाजू बाबा करायचे आणि उजवी काका. सतरा वर्षं तसंच चाललं होतं. माझ्या जन्माच्या आधीपासून.

आई दवाखान्यात रक्त तपासण्याचं काम करते, सातशिवाय घरी येत नाही. त्यामुळे शाळा सुटली की मी स्टुडिओत जायचे. गेटवरचे मामा माझं दप्तर उघडून बघायचे आणि रोज गंभीर चेहऱ्याने विचारायचे की आज कॅमेरे किती आणलेत. मग मी लांबलचक हॉलमध्ये कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून अभ्यास करायचे. हॉलला खिडकी नाही, कारण गाडी बाहेरच्या कुणाला दिसता कामा नये. छतावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ट्यूबलाइट आहेत. भट्टीतून गरम मातीचा वास यायचा, थोडा मेणासारखा, थोडा काडेपेटीसारखा. तो वास अजून माझ्या जुन्या वह्यांना आहे. कधी कधी मी वही नाकाशी धरून बसते.

दिवसभर दोघांची बोलणी चालायची. काका म्हणायचे, पार्टनर, तुझी बाजू आज भरपेट जेवून आलेली दिसते. बाबा म्हणायचे, तुझी उपाशी राहिली त्याला मी काय करू. एकदा दोघांचं मागच्या दिव्यावरून वाजलं, तर दोन दिवस ते गाडीच्या दोन बाजूंनी माझ्यामार्फत बोलत होते. मी निरोप घेऊन गाडीला चकरा मारत होते. मला फार महत्त्व आल्यासारखं वाटलं होतं.

साडेपाच वाजले की बाजू बदलायची. हा त्यांचा नियम होता, आणि मी तो इतर कुठल्याही स्टुडिओत असल्याचं ऐकलेलं नाही. पाती खाली ठेवायची, हात पुसायचे, बाबांनी उजवीकडे जायचं, काकांनी डावीकडे. डोळे मिटायचे आणि पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत तळवा फिरवत न्यायचा. माती वाचायची, असं ते म्हणायचे. केसाएवढा उंचवटा डोळ्यांना फसवतो, तळव्याला नाही. दोन तळव्यांचा तो कोरडा, सावकाश आवाज दोन्हीकडून यायचा, आणि मी अभ्यास सोडून ऐकत राहायचे. दिवसातला तो सगळ्यात शांत वेळ असे.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी काकांच्या छातीत दुखायला लागलं. ते स्वतः गाडी चालवत दवाखान्यात गेले. जाताना मला म्हणाले की माझ्या पात्याला हात लावू नकोस, आलोच. तिसऱ्या दिवशी ते गेले.

३

त्यानंतर बाबा घरी जेवताना ताटाकडे बघून जेवायला लागले. तसे ते आधीही गप्पच होते, पण आता त्या गप्प बसण्यात आम्हाला जागा नव्हती.

नवी गाडी सुरू झाली ती हीच, तुम्ही बघितलेली. काकांच्या जागी कुणाला घ्यायचं हे ठरत नव्हतं. शेवटी मॅडमनी, म्हणजे मुख्य डिझायनर बाईंनी, सांगितलं की सध्या अर्धीच करा. ही पद्धत जुनी आहे. फक्त डावी अर्धी गाडी मातीची करायची आणि बरोबर मध्यावर उभा आरसा लावायचा. मग मागे किंवा पुढे उभं राहिलं की पूर्ण गाडी दिसते. आकार पसंत पडला की आरसा काढायचा आणि उजवी बाजू यंत्राने कापून घ्यायची.

आरसा आला. गाडीपेक्षा लांब आणि माझ्यापेक्षा उंच. त्याच्या मागे लाकडी टेकू ठोकून ते भिंतीला पक्के केले, तिथून मांजरसुद्धा गेलं नसतं.

बाबांनी पहिल्या दिवशी त्याच्याकडे बघितलंच नाही.

मी बघितलं. गाडीच्या मागे, थोडं डावीकडे माझं स्टूल होतं. तिथून मला अर्धी मातीची आणि अर्धी आरशातली अशी गाडी दिसायची. बॉनेट, छप्पर, मागची काच, चाकांवरचे फुगीर खांदे. पण उजवीकडचं अंग वळून जिथे खाली उतरतं, तिथून पुढचं दिसायचं नाही. दारं नाहीत, चाकं नाहीत. खऱ्या गाडीचंही तसंच असतं, एका बाजूला उभं राहिलं तर पलीकडची बाजू दिसत नाही. ते बघायला पलीकडे जावं लागतं.

४

आकार बघायचा तर त्यावर पडलेला उजेड बघायचा, हे मला काकांनी शिकवलं होतं. मातीवर चंदेरी पातळ कागद चढवतात, मग त्यात छतावरच्या ट्यूबलाइटच्या रेघा उमटतात. आकार चांगला असेल तर रेघ पाण्यासारखी वाहते. कुठे चूक असेल तर ती अडखळते.

मागच्या चाकावरच्या खांद्यात रेघ अडखळत होती. धागा खिळ्याला अडकावा तशी. तीन आठवडे बाबांना ते जमत नव्हतं. त्या खांद्यामुळे वारा गाडीच्या मागे गरगरत होता, म्हणून वेग वाढला की गाडी मागून हलकी होत होती. मापांवरून लहान नमुना करून वाऱ्याची चाचणी घेणारे लोक दर आठवड्याला मापं नापास करून परत पाठवत होते.

त्या मंगळवारी मी गणितं सोडवताना सहज वर बघितलं. मातीवरची रेघ अडखळलेली होती. आरशातली अडखळलेली नव्हती.

मी डोळे चोळले. जागा बदलली. मग स्वतःला समजावलं की आरसा मोठा आहे, स्वतःच्या वजनाने मध्ये थोडा वाकला असेल, त्यामुळे रेघ सरळ दिसत असेल. हे कारण चांगलं होतं. भौतिकशास्त्राच्या बाईंना आवडलं असतं. पण आरसा वाकला असता तर छताची कडही वाकडी दिसायला हवी होती, आणि ती सरळ होती.

मी बाबांना जाऊन हळूच सांगितलं. ते माझ्या जागेवर येऊन बसले. बराच वेळ बसले. मग उठले, कागद सोलला, आणि आरशाकडे बघत बघत मातीचा तो खांदा तासायला लागले. कुणाचं बघून लिहावं तसं.

साडेपाचला रेघ वाहत होती. पुढच्या आठवड्यात वाऱ्याची मापं बरोबर आली. मॅडम स्वतः खाली आल्या आणि बाबांना विचारलं की हे तुम्हाला कुठून सुचलं. बाबा म्हणाले, पार्टनरला सुचलं. मॅडमना वाटलं की ते जुन्या आठवणीने बोलताहेत. त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी येताना बाबांनी मला ते कबूल करायला लावलं. म्हणाले, “आईलासुद्धा नाही. सांगितलं की थांबतं असलं काही.” मी मान हलवली. खरं सांगायचं तर मलाही ते थांबायला नको होतं.

५

पुढचे दोन महिने फार छान गेले. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

आरशातली बाजू रोज मातीपेक्षा थोडी पुढे असायची, आणि बाबा तिला गाठायचे. पुढच्या नाकपुडीची कड, इंजिनला जास्त हवा मिळावी म्हणून जरा रुंद. दाराच्या वरून जाणारी रेष, अगदी किंचित मागे चढत जाणारी, त्यामुळे एवढी अवजड गाडी उभ्याउभ्याच निघाल्यासारखी दिसायला लागली. बाबा शिट्टी वाजवायला लागले. जेवताना दुसऱ्यांदा भात मागायला लागले. आईने मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन विचारलं की स्टुडिओत नवीन कोणी आलंय का. मी नाही म्हटलं. हे खोटं नव्हतं.

बाबांच्या पात्याचा आवाज थांबला की दुसऱ्या पात्याचा आवाज आणखी एकदा यायचा. खर्र. मी म्हटलं, घुमतो आवाज. पण त्या हॉलच्या भिंतींना जाड कापड लावलेलं आहे. बाबा चहा आणायला गेले तेव्हा मी एकदा टाळी वाजवून बघितली. ती घुमली नाही.

आरशात जमिनीवर तासलेल्या मातीच्या साली दिसायच्या. त्या उजव्या अंगाच्या मागून, जे दिसत नाही तिथून, थोड्या थोड्या बाहेर येऊन पडायच्या. आमच्या बाजूला तेवढ्या नसायच्या.

मला भीती वाटत नव्हती. त्या अंगामागे कोण बसलंय ते मला माहीत होतं, असं मला वाटायचं. चाकापाशी वाकून, जीभ दातात धरून, माझ्या निरोपाची वाट बघत. मी तर मनातल्या मनात निरोप द्यायचेसुद्धा.

भीती वाटली ती एका बुधवारी. मी मान वर केली आणि आरशातली मुलगी दिसली, म्हणजे मीच, गाडीच्या मागे उजवीकडे स्टुलावर बसलेली. ती जिथे होती तिथून तिला उजवं अंग पूर्ण दिसत असणार, हे तेव्हा प्रथमच माझ्या लक्षात आलं. आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. ती तिकडे बघत होती. तिला जे दिसत होतं ते आवडत नव्हतं.

मी बाबांना सांगितलं की मला आजपासून इथे बसायचं नाही. ते म्हणाले, थोडेच दिवस, शुक्रवारी आरसा निघतोच आहे.

६

गुरुवारी साडेपाचला बाकीचे लोक लवकर गेले होते. बाबांनी पातं ठेवलं, हात पुसले. आरशाकडे तोंड करून अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, “पार्टनर, उद्या तुझी बाजू यंत्राने कापणार. मी एकदाही वाचली नाही.”

मी म्हटलं, “बाबा, घरी जाऊ या.”

“एवढं झालं की लगेच,” ते म्हणाले. “बाजू बदलायची राहून गेलीय, किती महिने.”

त्यांनी डोळे मिटले. पुढच्या दिव्यावर तळवा ठेवला आणि डाव्या अंगावरून मागे मागे चालत आले. तो कोरडा आवाज इतक्या दिवसांनी ऐकून मला रडू यायला लागलं. मागच्या कोपऱ्याला वळून ते गाडीच्या पाठीवर आले, माझ्यापासून चार पावलांवर. तळवा मध्याकडे सरकत होता. मध्यावर आरसा. आरशातला हात समोरून येऊन त्या हाताला भेटायला हवा.

समोरून कुणाचाच हात येत नव्हता. आरशात गाडीची पाठ रिकामी होती.

मला जे सुचलं ते मी केलं. आरशात जे दिसतं ते उजेडामुळे दिसतं. उजेड नसेल तर आरसा म्हणजे नुसती काच, आणि काचेला हात लागला की बाबा थांबतील. मी धावले आणि भिंतीवरचं मोठं बटण खाली ओढलं.

खिडकी नसलेल्या हॉलमध्ये किती अंधार होतो याची मला कल्पना नव्हती.

तळव्याचा आवाज काचेपाशी थांबला नाही. तो पुढे गेला. पाठ ओलांडून कोपऱ्याला वळला, आणि जी बाजू नव्हतीच तिच्यावरून, मागच्या चाकावरून, दारावरून, पुढच्या चाकावरून, सावकाश पुढे गेला. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि माझा आवाज निघाला नाही. वर्गात कविता म्हणताना होतं तसं. मग कळलं की तळव्यांचे आवाज दोन आहेत, एक पुढे जाणारा आणि एक तिकडून इकडे येणारा. मध्ये कुठेतरी ते एकमेकांजवळून गेले. तिथे दोन्ही क्षणभर थांबले. कुणीतरी हसलं, ओळखीचं माणूस भेटल्यासारखं.

तेव्हा कुठे माझ्या तोंडातून ‘बाबा’ निघालं. त्या दोघांतला एक म्हणाला, “आलोच.”

मी दिवे लावले. बाबा गाडीच्या पुढे, बॉनेटपाशी उभे होते. मागून पुढे यायला माझ्यासमोरून यावं लागतं, दुसरी वाट नाही. आमच्या बाजूची माती दुपारपासून गार होती, दगडासारखी. त्यांच्या तळव्याला मऊ, कोमट माती लागलेली होती. ती पुसत ते म्हणाले, “चांगली झालीय गं. दोन्हीकडून.” आणि हसले.

७

शुक्रवारी मी शाळेत होते. आरसा घोंगडीत गुंडाळून गोदामात नेला असं कळलं. यंत्राने उजवी बाजू कापली, ती डावीशी तंतोतंत जुळली. वर्षभराने गाडी रस्त्यावर आली. तिच्या मागच्या खांद्यावरून उजेड वाहताना दिसला की मी दुसरीकडे बघते.

घरी सगळं छान आहे. बाबा जेवताना गप्पा मारतात, आईला पोट धरून हसवतात. जेवण झालं की स्वतःचा ग्लास स्वतः विसळून ठेवतात, फ्रिज उघडण्याआधी आईकडे बघतात, आणि बाहेरून आले की दारात क्षणभर थांबतात, कुणीतरी ‘या’ म्हणेपर्यंत. आई परवा शेजारच्या काकूंना म्हणाली की माझं माणूस मला परत मिळालं. माणूस गेल्यावर मागे राहिलेला त्याच्यासारखा वागायला लागतो, असं ती मला एकदा म्हणाली. हेही कारण चांगलं आहे. मी त्यावर रोज विश्वास ठेवून बघते.

ते माझ्याशी फार चांगले वागतात. म्हणून हे लिहिताना मला वाईट वाटतं.

पण मला हल्ली काकांची आठवण येत नाही. अजिबात नाही. मला बाबांची येते. ते शेजारच्या खोलीत असतात आणि मला इकडे बसून त्यांची आठवण येते. त्यांचं ताटाकडे बघून जेवणं, माझ्या वहीत डोकावून काही न बोलता निघून जाणं, रस्ता ओलांडताना माझा हात न धरता दप्तराचा पट्टा धरणं. आता ते हात धरतात. बटण मी ओढलं होतं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

सोमवारपासून नवी गाडी सुरू होते आहे, याहून मोठी, याहून वेगवान. या वेळी पुरेशी माणसं आहेत, तरी त्यांनी मॅडमकडे हट्ट करून आरसाच मागितला. मला म्हणाले, तूही ये, पूर्वीसारखी बस, तुझ्या डोळ्यांशिवाय होत नाही. मी येणार नाही असं सांगायचं ठरवलं आहे. काल रात्रभर वाक्यं जुळवली.

आत्ता ते दाराशी आलेत. आरसा आजच लावून झालाय म्हणतात, नुसता बघून येऊ, लगेच परत. मी म्हटलं, एवढं लिहून होऊ दे. ते तिथेच थांबलेत, आत येत नाहीत. मी नाही म्हणणार आहे. फक्त एकच विचार मनातून जात नाही, की तिकडे बाबा इतके दिवस एकटेच काम करत असतील, आणि त्यांनी मान वर करून बघितलं आणि स्टुलावर मी नसले, तर त्यांना वाटेल की मी